सगळं नकाशाप्रमाणे

"आधी नकाशा लहान करा, मोठेकाका," पुतणी म्हणाली.

काकांनी तो मोठा केला. पडद्यावर एक भलंथोरलं पिवळं मैदान पसरलं आणि सगळी वस्ती कुठल्या कुठे गेली.

"हे काय आलं?"

"कुणाची तरी मोरी असेल. मागे या."

काका मागे आले, खुर्चीसकट.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस. बारीक बघायचं म्हणजे डोळ्याला भिंग लावायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पहिल्या दिवशी त्यांनी तेच केलं. पडद्याला नाक टेकवलं आणि जाहीर केलं, की या नकाशात नुसते तांबडे, हिरवे, निळे ठिपके आहेत, जमीन कुठेच नाही. नगररचना कार्यालयाच्या मदत-खिडकीवर बसणाऱ्या पुतणीने ते भिंग हळूच काढून घेतलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं.

खरं तर तिच्यापुढे बसायची वेळ काकांवर यायला नको होती. ती धाकट्याची मुलगी, आणि धाकट्याशी काकांचं चौदा वर्षं बोलणं नव्हतं. दोघा भावांची घरं शेजारीशेजारी, मध्ये धाकट्याने बांधलेली भिंत. ती भिंत आपल्या जागेत अडीच फूट आत आलीय, असं काकांचं म्हणणं. हे म्हणणं एव्हाना सगळ्या वस्तीला पाठ झालं होतं. आता जमीनवापराचा नकाशा संगणकावर आला होता, आणि तो बघायला शिकवणारी एकच होती. अडला हरी, दुसरं काय!

पोरगी शिकवायची मात्र मनापासून. नकाशा धरून कसा ओढायचा, पिवळं म्हणजे राहती घरं, हिरवं म्हणजे बाग, जांभळं म्हणजे कारखाने. एकदा काकांनी सगळे थर एकदम चालू केले. वस्तीची गोधडी झाली आणि काकांच्या घरावरून सांडपाण्याची वाहिनी, विजेची तार आणि अर्धं उद्यान गेलं. त्यांना दरदरून घाम फुटला. तिने एकेक थर बंद केला आणि त्यांना पाणी दिलं.

"प्लॉटचा नंबर टाकला की नकाशा आपणहून तिथे जातो," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "नंबरांचा वेगळा थरही आहे. दाखवू?"

"मला माझं घर शोधायला नंबर लागतो होय? तीस प्लॉटांची ओळ, विहिरीपासून पंधरावा. आमच्या वडिलांनी दोघांना प्लॉट दिले तेव्हा इथे नुसतं माळरान होतं. मीच विहिरीपासून पावलं टाकत मोजलं. पंधरा नंबर माझा, सोळा तुझ्या बापाचा. कागदावरही तसंच आहे."

तिने आकाशातून काढलेल्या फोटोंचा थर चालू केला, आणि विहिरीपासून नकाशा ओढत ओढत त्यांनी आपलं घर बरोबर गाठलं. हाडाची काडं करून दोन वर्षांपूर्वी चढवलेला वरचा मजला, पांढरीशुभ्र गच्ची. शेजारी धाकट्याचे गळके पत्रे, त्यांवर निळी ताडपत्री. काका बराच वेळ दोन्ही छपरं बघत राहिले. त्यांना मनापासून बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मोजपट्टी. हात घड्याळजीचा, त्यामुळे एकदा माऊस वश झाल्यावर काकांनी हद्दीच्या रेषेपासून भिंतीपर्यंतचं अंतर सात वेळा मोजलं. सातही वेळा अडीच फूट. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. चौदा वर्षं लोक त्यांना हसले होते, बायकोसुद्धा.

"भिंत हलणार," ते म्हणाले.

"त्याला अर्ज असतो. दोन्ही मालकांची संमती लागते."

"मग संपलंच. तुझा बाप जीव देईल, सही देणार नाही."

"बाबांना मी विचारते."

चौथ्या दिवशी धाकट्याची सही आलेली होती. काका आधी चक्रावले. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की पुराव्यापुढे भल्याभल्यांची गाळण उडते, हा तर दुकानांच्या पाट्या रंगवणारा. थोडं वाईटही वाटलं. एकुलता एक भाऊ, नाक मुठीत धरून सही केली असेल बिचाऱ्याने. भिंत हलली की आपणच आधी बोलायचं, असं त्यांनी मोठ्या मनाने ठरवून टाकलं.

पुतणीने अर्ज सावकाश वाचून दाखवला. दोन्ही मालकांना नकाशातले प्लॉट जसेच्या तसे मान्य आहेत, दोघेही त्याप्रमाणे ताबा घेतील, आणि ही संमती मागे घेता येणार नाही.

"यात भिंतीचं नाव नाही."

"भिंतही आलीच त्यात."

"सगळं नकाशाप्रमाणे झालं पाहिजे. एक सूतही इकडचं तिकडे नको."

"मोठेकाका, संमतीचं बटण दाबायच्या आधी तो नंबरांचा थर एकदा बघू या का?"

"तो मग दाखव. शुभस्य शीघ्रम्."

काकांनी बटण दाबलं. चार दिवसांत पहिल्यांदाच, एका दमात, बरोबर जागी. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"हं, दाखव आता तुझे नंबर," ते खुर्चीत ऐसपैस रेलून म्हणाले.

तिने थर चालू केला. तीसही प्लॉटांवर आकडे आले. एक नंबर रस्त्याच्या टोकाला होता आणि तीस नंबर विहिरीला टेकलेला. काका पुढे सरकले आणि रस्त्याकडून बोट ठेवून मोजत आले. तेरा. चौदा. निळ्या ताडपत्रीवर पंधरा होता. पांढऱ्याशुभ्र गच्चीवर सोळा.

त्यांनी पुतणीकडे पाहिलं. ती त्यांच्या मागे कुणाकडे तरी बघत होती. काकांच्या खांद्यावर हात पडला, रंगाने माखलेला.

"दादा," चौदा वर्षांनी धाकटा म्हणाला, "गच्चीच्या दाराची किल्ली वेगळी आहे का रे?"