भुरी रानात आहे
त्र्याण्णव साली निमगाव सावाची गजराबाई आमच्या तारघराच्या खिडकीशी आली आणि म्हणाली, “मास्तर, माझ्या दिरानं काल माझ्या पोराला तार केली, मी लई आजारी हाय म्हनून. बघा, आजारी दिसते का?” दिवसभर मेंढरांमागं चालणारी बाई ती, आजारी कुठली! तार मीच वाजवली होती. फौजेतल्या पोराला सुटी मिळावी म्हणून जो तो हेच दोन शब्द पाठवायचा: मदर सिरियस. दिरानं पुरतं तोंड उघडायच्या आत माझं बोट तारयंत्राच्या कळीवर पडलं होतं. गजराबाई सांगू लागली, “दिराला वाटणीच्या कागदावर पोराची सही पायजे. अन् पोराची परवा नाईक व्हायची परीक्षा हाय. वाजवा, आई बरी हाय.” मी म्हणालो, “मावशी, कालची तार खरी की आजची, हे त्याला कसं कळणार? तारेत कुणाचं अक्षर ओळखू येत नाही.” ती म्हणाली, “मग लिवा, आई भुरीला घेऊन रानात गेली. भुरी मेंढी माझ्याबिगर कुनामागं जात न्हाई. त्याला ठावं हाय.” मी इंग्रजी केलं: मदर वेल, ग्रेझिंग भुरी. पितळी कळीवर टिंब, रेघ, टिंब असं एकेक अक्षर सावकाश वाजवलं. भुरीची पाच इंग्रजी अक्षरं तर दोनदा. “गेली तार, मावशी.” गजराबाई हलली नाही. माझ्या बोटाकडं बघत म्हणाली, “पुन्ना कुनी माझं दुखणं घेऊन आलं, तर या बोटाला सांगा, आदी निमगावला येऊन मला बघून जायाचं.”