मुसेम्बीचं धनुष्य

"इतकं ढिलं? चुलीत घाल," किथोमे म्हणाला. किटुईच्या टेकड्यांत धनुष्याची किंमत तोच ठरवायचा, आणि मुसेम्बी जिवंत असताना त्याने बनवलेल्या एकाही धनुष्याला किथोमेने धड म्हटलं नव्हतं.

नवऱ्याचं धनुष्य विकायला काढलेली मुसेम्बीची विधवा म्बिथे जागची हलली नाही. "न ओढताच? आधी बाण सोडा, काका, मग नावं ठेवा."

हसत त्याने आपली खूण कोरलेला बाण समोरच्या गोरखचिंचेवर सोडला. झाडातून आवाज आलाच नाही. जरा वेळाने बाण रुतल्याचा आवाज आला, पण पाठीमागून, मुसेम्बीला पुरलं त्या उतारावरून.

"वारा," किथोमे पुटपुटला आणि त्याने दुसरा सोडला. या वेळी आवाज मागच्या कुंपणातच झाला. गोरखचिंचेत एकही बाण नव्हता.

धनुष्य खाली टाकून तो तिपाईवर बसला. "झपाटलंय हे. जाळून टाक."

"मघाशी तर ढिलं होतं!" म्बिथेने ते उचललं.

"अगं, बाईने धनुष्याला हात लावायचा नसतो!"

"मग धरा तुम्ही."

त्याने हात पुढे केला नाही. तिने त्याचाच तिसरा बाण लावला, दोरी कानापर्यंत ओढली आणि गोरखचिंचेवर नेम धरून सोडली.

किथोमेच्या बुडाखालची तिपाई हादरली. तिपाईच्या मागच्या पायात बाण थरथरत होता. खूण त्याचीच होती.

म्बिथेने वळूनही पाहिलं नाही.

"हं, बोला काका. किंमत सांगताय, की चौथा सोडू?"