वीस खांबांची घोडी

सौदा जमला तर दीड लाखाची घोडी उदयसिंहांच्या पदरात ऐंशी हजारांत पडणार होती. वर चहा फुकट. चहा अकबरीने चुलीवर ठेवलाच होता. उरलं होतं ते फक्त तिच्या नवऱ्याचं, नबीसाबचं, एक "व्हय".

ते काही नबीसाबच्या तोंडून निघेना. मैना घोडी त्याच्या दारात जन्मलेली. कुंभारी गावातले निम्मे नवरदेव तिच्याच पाठीवरून मांडवात गेले. पण लग्नसराई सरली की घोडी बसून खायची, आणि तिचा खुराक घरातल्या तीन माणसांना भारी पडायचा. म्हणून बाप-लेकाचं ठरलं होतं: मैना पळण्यात सरस निघाली तर जत्रेच्या शर्यतीत उतरवायची, नाही तर देऊन टाकायची. आता पळण्यातली पारख कुणाची? उदयसिंहांची. आकड्यांवर घोडा जोखणारा चार तालुक्यांत दुसरा माणूस नाही, असं लोक म्हणत. लोकांना ते उदयसिंहांनीच सांगितलं होतं.

या भागात शर्यत विजेच्या खांबांवर मोजतात. वीस खांब म्हणजे एक किलोमीटर, हे पोरासोरांनाही पाठ. टेप लावून कुणी बघत नाही. सकाळी नबीसाबचा मुलगा सोहेब मैनेवर बसला. उदयसिंह मागून जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले आणि दर पाचव्या खांबाला फोनवर बोट दाबत गेले. पहिल्या पाच खांबांना एकोणीस सेकंद. पुढच्या पाचांना एकोणीस. त्यापुढच्या पाचांना एकोणीस. शेवटच्या पाचांना सव्वीस.

"बघ नबीसाब," उदयसिंहांनी फोन पुढे धरला. "तीन टप्पे पळती आन् चौथ्याला बसती. दम न्हाय तिच्यात. वरातीला लई झ्याक हाय. तितं पोचायची घाई घोडीलाबी नसती आन् बँडवाल्यालाबी नसती."

सोहेबने मान खाली घातली. नबीसाब घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

खोटं उदयसिंह एक अक्षर बोलले नव्हते. फक्त एक गोष्ट बोलायची राहिली होती. चौथ्या टप्प्यात ओढा लागतो. तार ओढ्यावरून नाकासमोर पलीकडे जाते. रस्ता मात्र पुलाकडून वळसा घालून येतो. खांब तेवढेच, जमीन जास्त. गावात आणखी दोन रस्ते होते. उदयसिंहांनी हाच निवडला होता.

अकबरी चहा घेऊन आली. तिने कप टेकवले आणि घोडीकडे बघितलं. मैना तिचा पदर तोंडात धरून भाकरीसाठी ओढत होती.

"दम गेलेलं जनावर असं खेळतंय व्हय?" ती म्हणाली.

वाद तिने घातला नाही. वरातीचा टांगा बाहेर काढायला लावला, चाकाच्या एका आऱ्याला लाल चिंधी बांधली, त्याला मैनेलाच जुंपायला लावलं आणि सोहेबला घेऊन निघाली. चिंधी खाली आली की एक. पुन्हा खाली आली की दोन. उदयसिंहांच्या कपात साय धरली, तरी टांगा काही परतेना. परतला तेव्हा मैना दुडक्या चालीत होती आणि सोहेब लांबूनच दात दाखवत होता.

"पयल्या पाच खांबांना चाकाचे एकसष्ट फेरे," अकबरी उतरता उतरता म्हणाली. "दुसऱ्याला एकसष्ट. तिसऱ्याला साठ. आन् वड्याच्या टप्प्याला पंच्याऐंशी! आता सांगा मालक, घोडी बसली का रस्ता लांबला?"

हिशेबी माणसाचं डोकं त्याच्या सोयीनं गप्प बसत नाही. उदयसिंहांच्या डोक्याने कुणी न सांगता भागाकार करून टाकला: पंच्याऐंशी फेऱ्यांना सव्वीस सेकंद, तर एकसष्टांना साडेअठरा. चौथ्या टप्प्यात घोडी दमत नव्हती, उलट जोर धरत होती. नबीसाबला भागाकार येत नव्हता, पण उदयसिंहांचा चेहरा वाचता येत होता. तो एवढा मोठ्याने हसला की मैनेने कान टवकारले.

"असंल, असंल," उदयसिंह म्हणाले. "पर माझ्या वजीर घोड्याफुडं हिचं काय चालणार? अठरा, अठरा, अठरा, एकोणीस! गेल्या पाडव्याला दोन लाख मोजून घेतला, ते काय उगंच?"

"कुटं पळवून बघितला?" अकबरीने विचारलं.

"वळसंगला. रस्ता सुतासारखा सरळ. वडा न्हाय, पूल न्हाय."

अकबरीने तोंडाला पदर लावला, तरी हसू बाहेर आलंच. "वळसंग माझं म्हायेर की, मालक! डोईवर घागर घेऊन दोन्ही गावचे रस्ते चाललीया मी. हितं खांबापासनं खांब पन्नास पावलं भरतोय. तितं चाळीस."

उदयसिंहांच्या डोक्याने पुन्हा न विचारता उत्तर काढलं. वजीराला इथल्या पाच खांबांना साडेबावीस सेकंद. दोन लाखांचा वजीर वरातीच्या घोडीमागे धूळ खात चालला होता.

"घोडा इकला कुणी?" नबीसाबने विचारलं.

"मानसिंगनं."

"आन् ती जागा कुणी दावली?"

"त्यानंच. म्हनला, आकड्यातलं मला काय कळत न्हाय, तुमी जाणकार. तुमीच मोजा."

सोहेब आधी फुटला, मग नबीसाब, मग अकबरी. शेवटी उदयसिंहांनाही राहवलं नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले आणि साय धरलेला चहा एका घोटात पिऊन उठले.

त्या दिवशी कुंभारीत कुणाच्या खिशातून दमडी निघाली नाही. घोडी जत्रेसाठी दारात राहिली, चहा नबीसाबकडून झाला, आणि खांब मोजायच्या विद्येची फी उदयसिंहांनी गेल्या पाडव्यालाच वळसंगला भरली होती.