ऐकणारी आवृत्ती

उदयने लॅपटॉपवरच्या बोलणाऱ्या मदतनिसाची वरची आवृत्ती घेऊन पंधरवडा झाला होता. साधी आवृत्ती नुसती कामं करायची. ही माणसासारखी विचारपूसही करायची. सकाळी विनता चहा घेऊन खोलीपाशी आली, तेव्हा तो लॅपटॉपला सांगत होता, "मृण्मयीला त्या दिवशी पोहायला मीच पाठवलं होतं."

विनता दारातच थबकली. मुलगी बुडून गेल्यापासून त्याने बायकोसमोर तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

"हे मनात ठेवून किती दिवस राहिलात?" लॅपटॉपने हळुवारपणे विचारलं. विनताच्या अंगाचा तिळपापड झाला. हे विचारायचा हक्क तिचा होता.

उदय अंघोळीला गेल्यावर तिने लॅपटॉपवर पुन्हा साधी आवृत्ती टाकली.

परत आल्यावर त्याने हाक मारली, तर लॅपटॉपने नुसतं विचारलं, "काय काम आहे?"

"तू काढलंस?"

"हो. मृण्मयीबद्दल त्याच्याशी बोलतोस, माझ्याशी नाही."

उदयने लॅपटॉप मिटला. "तू रडायला लागतेस. मग तुला सावरताना माझं रडायचं राहून जातं."

विनता खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"रडेन मी," ती म्हणाली. "सावरू नकोस. सांग."