लेकीचं आडनाव

शिकागोच्या इस्पितळात रीमानं अंथरुणाला खिळलेल्या आईला, तिच्यासाठी आधीच कोरून घेतलेल्या थडग्याच्या दगडाचा फोटो दाखवला. वडिलांच्या शेजारीच जागा, वर ठळक अक्षरं: स्तासे बुत्कुस.

"अगं बाई, बुत्कुस तुझा बाप," आई म्हणाली. "आपल्या लिथुआनियात त्याची बायको बुत्कियेने होते, लेकीचं आणखी निराळं. मेल्यावर माझी आई मला शोधत आली, तर 'कुणी बाप्या झोपलाय' म्हणून पुढं जाईल की."

रीमानं अक्षरं बदलून घेतली. आई निवांत गेली.

दफनानंतर पाथरवटानं विचारलं, "पलीकडची जागा तुमची ना? नाव काय कोरू?"

"रीमा..." अमेरिकेत जन्मभर ती बुत्कुसच होती. बायकोचं आडनाव आईनं सांगितलं होतं. लेकीचं विचारायला ती आईकडे वळली, तर ओल्या मातीवर फुलं होती.