वेळसुरे बंदराचा नौकाफलक

"ज्या जिल्ह्याला समुद्र नाही, त्याच जिल्ह्याला समुद्राची खरी तहान असते," असं आयोजक राजवर्धन सरनोबत यांनी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला जाहीर केलं आणि टाळ्यांची वाट पाहिली. मागच्या रांगेतून कुणीतरी जेवणात मासे आहेत का, एवढंच विचारलं. मासे नव्हते. पोहे होते.

दाराशी स्टुलावर बसलेल्या लालासाहेब जगदाळ्यांनी टाळी वाजवली नाही. ड्युटीवर हात मोकळे ठेवायचे, ही पलटणीतली सवय. कोकणातल्या वेळसुरे बंदराचा तीनशे वर्षांचा कलावारसा सांगलीच्या सभागृहात पाच दिवस मांडला होता आणि त्यातलं काही चोरीला जाऊ नये, हे त्यांचं काम. मागच्या वर्षी मिरजेच्या एका मैफलीतून त्यांच्या डोळ्यांदेखत एक तंबोरा निघून गेला होता. आता आणखी एक वस्तू गेली, की कोरेगावला परत आणि सुनेच्या नजरेखाली शेंगा निवडत बसायचं. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला त्यापेक्षा सरहद्द बरी.

बंदरातून आलेल्या वस्तू तशा थोड्याच होत्या. शंखांच्या माळा, दोन वल्ही, एक कंदील. सगळी शोभा होती ती मधल्या भिंतीला टेकवलेल्या नौकाफलकाची. छातीइतका उंच, जाड फळ्यांचा, वर निळ्या-तांबड्या रंगात गलबत. गलबताला पुढं दोन शिंगं होती. माधवनगरच्या एका गृहस्थांना तो बेंदराच्या सणाचा बैल वाटला. राजवर्धननी ते अरबी वळण असल्याचं शांतपणे सांगितलं. खालची कड खाऱ्या वाऱ्यानं कुरतडली होती आणि डाव्या अंगाची चार भोकं फिरंग्यांच्या गोळ्यांची होती. टेम्पोतून फलक उतरवताना त्याला चिकटलेल्या काड्या लालासाहेबांनीच झाडल्या होत्या. ते समुद्रातलं गवत, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी बयाबाई आली.

नाव तिनंच सांगितलं, गाव आटपाडीकडचं. वय साठीच्या पुढं, हिरवं लुगडं, काखेत पिशवी. शंख तिनं पाहिले नाहीत, वल्ह्यांकडं ढुंकून बघितलं नाही. ती थेट फलकापाशी गेली आणि तासभर उभी राहिली. मग वितीनं त्याची रुंदी मोजली. मग वाकून मागं बघायला लागली.

लालासाहेब उठले. मागं काय हाय, असं त्यांनी दरडावून विचारलं. खूण हाय का बगत हुते, म्हणाली, आणि मुकाट्यानं बाजूला झाली.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. या खेपेला तिनं सभागृहाला मागून वाट आहे का, ती किती रुंद आहे, याची चौकशी केली. जाता जाता स्टुलापाशी थांबली.

"ह्ये कार्य कवा उरकनार, भाऊ?"

"रविवारी. का?"

"मग ह्या वस्तू कुटं जानार?"

"ते तुमाला कशाला पायजे, मावशी?"

"ऱ्हाऊ द्या. कार्य चाललंय तवर इचारू न्हाई. चुकलं माजं."

तीस वर्षांत लालासाहेबांनी सीमेवर नाना तऱ्हेची माणसं पकडली होती. पण चूक कबूल करून चोरी करणारी त्यांनी पाहिली नव्हती. ते सरळ राजवर्धनकडं गेले आणि पोलिसांना सांगूया म्हणाले. राजवर्धननी आधी बाई कुठली, ते विचारलं. आटपाडीकडची, हे ऐकल्यावर पाणी मागवलं. कला आणि पोलीस एका छपराखाली शोभत नाहीत, असं त्यांचं मत पडलं. बाईला आत येऊ देऊ नका, म्हणाले. तिकीट काढलेल्या माणसाला कसं अडवायचं, असं लालासाहेबांनी विचारलं, तेवढ्यात राजवर्धनना फोन आला आणि ते बोलत बोलत निघून गेले. चौथ्या दिवशी बाई दिसली, तेव्हाही त्यांना फोन आला.

एवढ्या मोठ्या माणसाचं भाबडेपण पाहून लालासाहेबांना वाईट वाटलं. हा फलक मांडीवर घेऊन, भर तुफानात होडीतून आणल्याचं राजवर्धननी उद्घाटनात सांगितलं होतं. आता तो सांभाळायचा भार एकट्या लालासाहेबांवर होता. रविवारी त्यांनी जेवण चुकवलं.

समारोपाला मोठे पाहुणे आले. हार झाले, भाषणं झाली. बयाबाई शेवटच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि लालासाहेब तिच्याकडं बघत उभे होते. आभार संपले. राष्ट्रगीताला ती ताठ उभी राहिली. गीत संपलं मात्र, ती उठलेल्या गर्दीतून सरळ फलकापाशी पोचली आणि पिशवीतून तिनं दोर काढला. मागच्या अंगाला एक पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला.

लालासाहेबांनी तिचं मनगट धरलं.

"तंबोरा गेला," ते म्हणाले, "पर ह्ये जाऊ देनार न्हाई."

सभागृह थांबलं. पाहुणे वळले. पाहुण्यांचा हात राजवर्धनच्या खांद्यावर होता, त्यामुळं राजवर्धननाही वळावं लागलं. खिशातला फोन काही वाजला नाही.

बयाबाईनं हात सोडवायची धडपड केली नाही. तिनं मोकळ्या हातानं पदर सारखा केला आणि राजवर्धनकडं बघून ओळखीचं हसली.

"सायेब, कार्य लय झ्याक झालं. कुनाच्या कार्याला दिलेली वस्तू मांडव उतरल्याबिगर मागू न्हाई, म्हनून आटवडाभर गप हुते." मग ती लालासाहेबांकडं वळली. "आवं भाऊ, घरी शेळ्या काय ह्या दाराबिगर ऱ्हात न्हाईत. मनगट सोडा, आन् जरा त्या बाजूनं हात लावा."