शुक्रवारचा तास

"शुक्रवार काढून टाक," मॅनेजर दीपेश म्हणाला. "एका तासापायी मॉडेल नापास करायचं का?"

तसनीमने रसायन कारखान्यातल्या रिॲक्टरचे तीन वर्षांचे आकडे कॉम्प्युटरच्या मॉडेलला शिकवले होते. आतला माल तापला की ऑटो, म्हणजे आपोआप चालणारी यंत्रणा, तापवणारी वाफ बंद करून थंड पाणी कधी सोडणार, हे ते आता आधीच सांगायचं. चुकायचं फक्त शुक्रवारी, दुपारी एक ते दोन. त्या तासात पाणी उशिरा सुटायचं आणि पारा चढायचा.

त्याच तासात ऑपरेटर मुदस्सर जुम्म्याच्या नमाजला महाडात जायचा. त्याच्या मागे कोणीतरी बटणांशी खेळत असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. माणसावर ढकललं की यंत्र सुटतं, ही कारखान्यांची जुनी रीत. तसनीमने शुक्रवार काढला. मॉडेल शंभरात नव्व्याण्णव वेळा जुळलं.

"म्हणजे ऑटो बिनचूक आहे," दीपेश खूश झाला. "मग तिथे माणूस कशाला?"

मुदस्सर तिच्याच तुडील गावचा. तिच्या नोकरीसाठी शब्द त्यानेच टाकला होता. तरी ती गप्प राहिली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी सकाळी पूर्ण भरलेला रिॲक्टर ऑटोवर सुरू झाला. मुदस्सरचा पास काढून घेतला होता; तो गेटबाहेर उभा होता. तसनीम धावत गेटवर गेली. हातातल्या मोबाइलवर पारा चढत होता. मॉडेल म्हणत होतं, पाणी आता सुटेलच.

"चाचा, माफ करा. माझ्या आकड्यांनी तुमची नोकरी घालवली."

"तुझा काय दोष? पण शुक्रवार का काढलास गो?"

"तुम्ही नसताना कोणीतरी हात लावतं ना, म्हणून."

"कोण लावणार? खोलीला कुलूप घालून चावी मी खिशात नेतो."

"मग पाणी उशिरा कसं सुटतं?"

मुदस्सरने प्लांटकडे पाहिलं.

"ऑटो उशिराच जागं होतं, भरलेला रिॲक्टर तवर फुटेल. तीनदा लिहून दिलं. साहेब बोलले, प्लांट बंद ठेवता येणार नाय. तवापासून पाणी मीच हातानं सोडतो. शुक्रवारचा तेवढा तासच ते खरं ऑटोवर असतं."

त्याची नजर तिच्या मोबाइलवरच्या चढत्या पाऱ्यावर गेली.

"म्हणून तर शुक्रवारी मी माल अर्धाच भरतो."